'पडणारच' मधला 'च' येतो कुठून?

सेट, म्हणजे प्राध्यापकपदाच्या राज्य पात्रता परीक्षेची तयारी करणाऱ्या एकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "सेटच्या अभ्यासक्रमात लॉक, बर्क्ली आणि ह्यूम आहेत. गाइडमध्ये लिहिलंय की ह्यूमने कार्यकारणसंबंध नाकारला. पण पुढच्याच पानावर त्याने केलेल्या कारणाच्या दोन व्याख्या दिल्यात. जे नाकारलं त्याची व्याख्या कशाला, आणि तीही दोनदा? शिवाय लॉक आणि बर्क्ली एकेका ओळीत उरकलेत. कारणाबद्दल त्यांचं म्हणणं नक्की काय होतं?"

गाइडमधलं ते वाक्य आधी पेन्सिलीने खोडा. हा पेपर मी पदव्युत्तर वर्गांना वीसेक वर्षं शिकवला. दर वर्षी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात 'ह्यूम कारण मानत नाही' हे वाक्य इतक्यांदा भेटायचं की पहिले दोन शब्द दिसले की उरलेलं वाक्य मनात आपोआप उमटायचं. (ह्यूमने याला सवय म्हटलं असतं. त्याचा सगळा सिद्धान्त या एका शब्दावर उभा आहे, पण ते पुढे.)

ही चूक गाइडवाल्यांनी शोधलेली नाही, ती ह्यूमच्या हयातीतली आहे. 1745 मध्ये एडिंबरा विद्यापीठात नीतिशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी त्याचं नाव पुढे आलं, तेव्हा त्याच्याविरुद्ध जे आरोप फिरवले गेले त्यांत हाही एक होता: हा माणूस म्हणतो की एखादी वस्तू कारणाशिवाय अस्तित्वात येऊ शकते, म्हणजे हा जगाचा कर्ताही मानत नाही. ह्यूमने पत्ररूपाने उत्तर छापलं, पण पद काही मिळालं नाही. पुढे 1754 मध्ये जॉन स्ट्युअर्टला लिहिलेल्या पत्रात त्याने हा मुद्दा पुन्हा स्पष्ट केला. कारणाशिवाय काही घडू शकतं इतकं हास्यास्पद विधान मी कधीच केलं नाही, असं तो म्हणतो. ते विधान खोटं आहे याची आपल्याला जी खात्री असते ती ना अंतःप्रज्ञेतून येते ना तार्किक सिद्धतेतून, ती वेगळ्याच उगमातून येते, एवढंच माझं म्हणणं.

म्हणजे त्याचा प्रश्न 'कारण आहे की नाही' हा नव्हता. ही खात्री येते कुठून, हा होता.

मराठीत हे सांगायला एक सोय आहे. 'सोंगटी सरकली' आणि 'सोंगटी सरकणारच' ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात घडलं तेवढंच आहे. दुसऱ्यात एक 'च' आलाय, आणि सतराव्या-अठराव्या शतकातला अनुभववाद्यांचा (ज्ञान अनुभवातूनच येतं म्हणणाऱ्या लॉक, बर्क्ली, ह्यूम यांचा) सगळा वाद या एका अक्षरावर आहे. हा 'च' डोळ्यांना दिसला, हाताला लागला, की आणखी कुठून आला?

ह्यूमचं उदाहरण बिलियर्डच्या चेंडूंचं. आमच्या मुलांनी ते टेबल सिनेमातच पाहिलेलं, म्हणून मी जिमखान्यातून कॅरमबोर्ड वर्गात आणवायचो. एक सोंगटी मध्यभागी ठेवायची, स्ट्रायकर मारायचा आणि सांगायचं, फक्त दिसलं ते लिहा. जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत पहिलं वाक्य असायचं, 'स्ट्रायकरने सोंगटीला ढकललं.' मग विचारायचं: ढकलणं दिसलं? कुठे? पुन्हा मारतो, नीट बघा. तिसऱ्या-चौथ्या फटक्यानंतर वहीत तीनच गोष्टी उरायच्या. स्ट्रायकर सोंगटीला टेकला. टेकणं आधी, सरकणं नंतर. आणि जितक्यांदा मारला तितक्यांदा हेच झालं. सान्निध्य, पूर्वापरता, नित्य साहचर्य. ह्यूम 1740 च्या 'ॲब्स्ट्रॅक्ट'मध्ये, म्हणजे आपल्या 'ट्रीटाइज' या मोठ्या ग्रंथाच्या सारांशात, नेमकी हीच तीन नावं घेतो आणि म्हणतो, चेंडूंना कितीही न्याहाळा, यापलीकडे चौथं काही सापडत नाही. 'ढकलण्या'तला जोर, तो 'च', दिसलेल्या गोष्टींच्या यादीत येतच नाही.

आता मागे जाऊ, कारण हा शोध ह्यूमने सुरू केलेला नाही. त्याच्याआधीच्या प्रत्येकाने या 'च'चा एकेक संभाव्य पत्ता तपासला होता आणि बहुतेकांनी एखाद्या पत्त्यावर फुली मारली होती. तुमच्या गाइडने उरकलेला भाग तो हाच.

लॉकचा 'निबंध' 1689 च्या डिसेंबरात बाहेर पडला, मुखपृष्ठावर साल 1690 आहे. गाइडमध्ये बहुधा दुसऱ्या भागातल्या सव्विसाव्या प्रकरणाची ओळ असेल: जे दुसऱ्या कशाला तरी निर्माण करतं ते कारण. उष्णतेने मेण पातळ होतं, म्हणून उष्णता कारण आणि पातळपणा कार्य. ती ओळ खरी आहे पण लॉकचं महत्त्वाचं काम तिथे नाही. ते एकविसाव्या, 'शक्ती' नावाच्या लांबलचक प्रकरणात आहे. तिथे तो विचारतो, क्रियाशील शक्तीची स्पष्ट कल्पना आपल्याला कुठून मिळते? आणि बिलियर्डच्या चेंडूकडे बोट दाखवून म्हणतो, इथून तर नाही. काठीचा फटका बसल्यावर चेंडू सरकतो ही त्याची कृती नाही, त्याने सोसलेली गोष्ट आहे. पुढे तो दुसऱ्या चेंडूला गती देतो तेव्हाही स्वतः काही करत नाही, मिळालेली गती पुढे सरकवतो, टपाल्याने पत्र पोचवावं तशी. (टपाल्याची उपमा माझी.) मग खरी क्रिया कुठे पाहायला मिळते? आपल्या आत. मी हात उचलायचं ठरवतो आणि हात उचलला जातो. शक्तीची स्पष्ट कल्पना तिथून येते, इच्छाशक्तीच्या अनुभवातून.

लोक ह्यूमला बिलियर्डचा तत्त्वज्ञ समजतात. पण चेंडूत शक्ती दिसत नाही हे त्याच्याआधी जवळजवळ पन्नास वर्षं लॉकने लिहून ठेवलंय. वस्तूंच्या पत्त्यावर पहिली फुली, निदान अर्धी फुली, त्याची.

अर्धी म्हणतो कारण लॉक तिथे ठाम राहत नाही. निबंधाच्या पहिल्या आवृत्त्यांत तो सांगतो की एक वस्तू दुसरीवर धक्क्यानेच परिणाम करते, दुसरा मार्ग आपल्याला कल्पिताच येत नाही. धक्का निदान समजतो तरी, असा सूर. तोवर 1687 मध्ये न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' आलेला होता आणि त्यात गुरुत्वाकर्षण होतं, मधे काहीही न टेकता लांबून परिणाम करणारं. वूस्टरचे बिशप स्टिलिंगफ्लीट यांच्याशी झालेल्या वादात लॉकने कबूल केलं की न्यूटनच्या पुस्तकाने माझं मत बदललं आणि पुढच्या आवृत्तीत मी ते वाक्य दुरुस्त करीन. 1700 च्या चौथ्या आवृत्तीत ते बदललंही. तत्त्वज्ञाने छापील चूक जाहीरपणे मान्य करून दुरुस्त करावी हे तेव्हाही दुर्मीळ होतं, आजही आहे. पण या दुरुस्तीत एक मोठी गोष्ट हातातून निसटली. एखादा परिणाम 'समजतो' म्हणून खरा आणि 'समजत नाही' म्हणून अशक्य, ही कसोटी गेली. गुरुत्वाकर्षण कसं काम करतं ते कुणालाच समजत नव्हतं आणि तरी दगड पडत होते. मग माणसाच्या मनात हा प्रश्न येणारच की धक्का तरी आपल्याला खरंच समजतो, की तो फक्त रोजचा आहे?

मधे एका फ्रेंच पाद्र्याला भेटावं लागेल. मालब्रांश अनुभववादी नाही, म्हणून अभ्यासक्रमात त्याला बुद्धिवाद्यांच्या (ज्ञानाचा उगम बुद्धीत शोधणाऱ्यांच्या) रांगेत शेवटी उभं करतात, आणि मग ह्यूमचा निम्मा युक्तिवाद हवेत लटकतो. 1737 मध्ये ह्यूमने आपल्या मित्राला, मायकेल रॅम्सेला, लिहिलं की माझं लिखाण समजायला आधी काय वाच: मालब्रांशचा 'सत्याचा शोध', बर्क्लीची 'तत्त्वं', बेलच्या कोशातले काही लेख आणि देकार्तची 'चिंतनं'. यादीत मालब्रांश आहे, यावर विद्यार्थ्याने थांबायला हवं. 1674-75 मध्ये त्याने खऱ्या कारणाची कडक कसोटी मांडली. ज्याच्यात आणि ज्याच्या कार्यात अनिवार्य संबंध आहे हे मनाला स्पष्ट दिसतं तेच खरं कारण. या कसोटीला चेंडू उतरत नाही, कारण टक्कर झाली आणि दुसरा चेंडू जागचा हलला नाही, यात कुठलीही विसंगती नाही. माणसाची इच्छाही उतरत नाही. हात हलवायला कोणते स्नायू, कोणत्या नसा ओढाव्या लागतात हे आपल्याला ठाऊकसुद्धा नसतं, मग आपण हलवतो म्हणजे काय करतो? उतरतो फक्त ईश्वर. त्याने इच्छिलं आणि ते झालं नाही, हे विसंगत आहे. बाकी सगळे फक्त निमित्त. 'निमित्तमात्र' हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, पण गीतेतला संदर्भ वेगळा आहे, तो इथे चिकटवू नका.

तेव्हा मालब्रांशने दोन पत्त्यांवर फुली मारली, वस्तू आणि माणसाची इच्छा. तिसरा पत्ता, ईश्वर, त्याने राखून ठेवला.

बर्क्ली 1710 च्या 'तत्त्वां'मध्ये वेगळ्या वाटेने जवळपास इथेच येतो, पण लॉकचा एक धागा हातात ठेवून. आपल्याला दिसतं, जाणवतं ते सगळं म्हणजे कल्पना, आणि कल्पना निष्क्रिय असते. तिच्याकडे नीट पाहा, तिच्यात कुठलीही शक्ती लपलेली नाही, लपायला जागाच नाही. म्हणून पासष्टाव्या परिच्छेदातलं ते सुंदर विधान: मला दिसणारा विस्तव हा जवळ गेल्यावर होणाऱ्या वेदनेचं कारण नाही, ती वेदना येतेय असं आधी बजावणारी खूण आहे. निसर्ग म्हणजे कारणांची साखळी नाही, ती एक भाषा आहे. शब्द आणि अर्थ यांच्यात जसा अनिवार्य संबंध नसतो पण भाषा येणाऱ्याचं काम भागतं, तसंच. विज्ञान हे या भाषेचं व्याकरण. 1721 च्या गतीवरच्या लॅटिन निबंधात तो बल आणि गुरुत्व यांनाही हाच न्याय लावतो. हिशेबाला अत्यंत उपयुक्त शब्द, पण वस्तूंच्या पोटात बसलेले खरे गुण म्हणून त्यांच्याकडे पाहू नये. (1721 साली हे लिहायला धाडस लागतं.) मग शक्ती कुठेच नाही? आहे, आत्म्यात. मी इच्छा करतो आणि कल्पना उभी करतो, हे मी जाणतो. आणि ज्या कल्पना मी उभ्या करत नाही त्या कुण्या थोर आत्म्याने, ईश्वराने, उभ्या केल्या असणार.

आता ह्यूम. 'ट्रीटाइज'चे पहिले दोन भाग 1739 च्या जानेवारीत आले, तिसरा 1740 मध्ये. बराच मजकूर त्याने फ्रान्समध्ये ला फ्लेश या गावी राहून लिहिला, जिथल्या जेझुइट विद्यालयात देकार्त शिकला होता. वय पंचविशीच्या आसपास. त्याचं हत्यार एकच आणि साधं आहे: प्रत्येक साधी कल्पना ही आधी पडलेल्या एखाद्या ठशाची, म्हणजे थेट अनुभवाची, पुसट प्रत असते. एखाद्या शब्दाबद्दल संशय आला तर विचारा, याचा ठसा दाखवा. 'अनिवार्य संबंध' या शब्दाला तो हेच विचारतो आणि तिन्ही पत्त्यांवर स्वतः जाऊन येतो.

वस्तूंच्या पत्त्यावर काय होतं ते कॅरमबोर्डवर पाहिलंच.

दुसरा पत्ता इच्छेचा, लॉक आणि बर्क्लीचा शेवटचा आधार. 'एन्क्वायरी' या नंतरच्या पुस्तकाच्या सातव्या विभागात (पहिली आवृत्ती 1748, तेव्हा पुस्तकाचं नाव वेगळं होतं) ह्यूम तो मोडतो, आणि माझ्या मते त्या पुस्तकातली ही सर्वांत बारीक विणलेली पानं आहेत. इच्छेतली शक्ती आपल्याला आतून थेट जाणवत असती तर ती कुठवर चालते हेही आतून कळलं असतं. पण जीभ आणि बोटं इच्छेने हलतात, हृदय आणि यकृत का नाही, याचं उत्तर आपल्याला आतून मिळत नाही, अनुभवातूनच मिळतं. ज्याच्या हाताला नुकताच पक्षाघात झालाय तो माणूस आधीच्याच निश्चयाने हात उचलायला जातो. त्याच्या आत काय कमी झालं? त्याच्या जाणिवेपुरतं बोलायचं तर काहीच नाही. म्हणजे ती जाणीव शक्तीची नव्हतीच. आणि शेवटी मालब्रांशचाच मुद्दा: इच्छेचा थेट परिणाम हातावर होतही नाही, आधी स्नायू, नसा आणि आणखी सूक्ष्म काहीतरी, ज्यांचा आपल्याला पत्ताही नसतो. इच्छा झाली आणि हात हलला, इथेसुद्धा एकामागून एक, एवढंच.

तिसरा पत्ता ईश्वराचा. इथे ह्यूम मालब्रांशचं हत्यार त्याच्यावरच उलटवतो. ईश्वराच्या शक्तीची कल्पना तरी आपण कुठून आणली? स्वतःच्या मनावरून, मोठी करून. आणि स्वतःच्या मनात शक्तीचा ठसा नाही हे आत्ताच ठरलं. या सिद्धान्ताच्या शेवटच्या पायऱ्या गाठायच्या खूप आधीच आपण परीराज्यात पोचलेले असतो, असा त्याचा टोला आहे.

तिन्ही पत्त्यांवर कुणीच नाही. इथे थांबलात तर गाइडमधलं वाक्य मिळतं. ह्यूम थांबत नाही. तो म्हणतो, एका उदाहरणात नसलेली कोणती गोष्ट शंभर उदाहरणांनंतर आपल्याजवळ येते? कारण पहिल्यांदा टक्कर पाहिल्यावर आपण 'हे झालं, मग ते झालं' म्हणतो आणि शंभराव्यांदा 'होणारच' म्हणतो. चेंडूंत तर नवं काही आलेलं नाही. शंभरावी टक्कर पहिलीसारखीच आहे, नाहीतर ती त्याच प्रकारची टक्कर कसली? बदल झालाय तो पाहणाऱ्यात. पहिला चेंडू दिसताक्षणी मन दुसऱ्याच्या गतीकडे ओढलं जातं. हे ओढलं जाणं जाणवतं, आणि तोच हवा असलेला ठसा. 'च' तिथून येतो. मग मन आपली ही ओढ बाहेर वस्तूंवर पसरवतं, कारण स्वतःला बाह्य वस्तूंवर पसरवायची मनाला फार हौस आहे, असं तो म्हणतो.

तेव्हा अनिवार्यता नाकारली नाही. पत्ता सापडला, फक्त तो लॉक-बर्क्ली-मालब्रांश या तिघांच्या यादीत नव्हता.

इथे गाइडं हमखास आणखी दोन मुद्दे या एकाच पोत्यात कोंबतात. ते वेगळे ठेवा.

एक म्हणजे 'जे अस्तित्वात येतं त्याला कारण असलंच पाहिजे' हे सूत्र तर्काने सिद्ध होतं का, हा प्रश्न ('ट्रीटाइज', पहिला भाग, तिसरं प्रकरण, तिसरा विभाग). लॉकचा युक्तिवाद असा की कारणाशिवाय काही निर्माण झालं तर ते 'शून्या'ने निर्माण केलं असं होईल, आणि शून्य काही करू शकत नाही. ह्यूम म्हणतो, अहो, कारण नाही म्हटल्यावर शून्यालाही कारणाच्या खुर्चीवर का बसवता? खुर्चीच नाही म्हणतोय ना? जे लोक म्हणतात की 'कार्य' या शब्दातच कारण अंतर्भूत आहे त्यांना त्याचं उत्तर मला वर्गात नेहमी हशा मिळवून द्यायचं: प्रत्येक नवऱ्याला बायको असते, म्हणून प्रत्येक पुरुषाचं लग्न झालेलंच आहे असं ठरत नाही. लक्षात घ्या, सूत्र खोटं आहे असं तो म्हणत नाही. तुमच्या सिद्धता लंगड्या आहेत म्हणतो. 1754 च्या पत्रातला मुद्दा हाच.

दुसरा प्रश्न विगमनाचा, म्हणजे पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याबद्दल बोलण्याचा. ॲडमची बुद्धी पहिल्या क्षणापासून परिपूर्ण होती असं धरलं तरी पाण्याच्या प्रवाहीपणावरून आणि पारदर्शकतेवरून ते आपल्याला गुदमरवेल हे त्याला काढता आलं नसतं. ते अनुभवानेच कळतं. पण कालपर्यंतच्या अनुभवावरून उद्याचं काढायचं तर 'निसर्ग एकसारखा वागतो' हे गृहीत लागतं, आणि ते अनुभवाने सिद्ध करू गेलो तर आपण गोल फिरतो. 'एन्क्वायरी'च्या दहाव्या विभागात या संदर्भात एक भारतीय राजाही येतो. गोठण्याच्या परिणामांच्या गोष्टी प्रथम ऐकल्यावर त्याने विश्वास ठेवायला नकार दिला, आणि ह्यूमच्या मते त्याचा तर्क बरोबर होता, कारण त्याच्या अनुभवात तसं काहीच नव्हतं. लॉकने जवळपास हीच गोष्ट सयामच्या राजाची म्हणून सांगितली होती, डच राजदूत त्याला सांगतो की आमच्याकडे हिवाळ्यात पाणी इतकं घट्ट होतं की त्यावर हत्तीसुद्धा उभा राहील. ह्यूमने राजा भारतीय केला. हिमालयाखालच्या देशात बर्फ ठाऊक नसलेला राजा शोधायला जरा दक्षिणेकडे यावं लागेल, पण असो.

आता तुमचा मूळ प्रश्न, दोन व्याख्या. पहिली: जिच्यामागून दुसरी येते, आणि पहिलीसारख्या सर्व वस्तूंमागून दुसरीसारख्या वस्तू येतात, ती वस्तू कारण. दुसरी: जिच्यामागून दुसरी येते आणि जी दिसताच विचार नेहमी त्या दुसरीकडे जातो, ती कारण. वरचा शोध वाचल्यावर दोन का, हे उघड होतं. पहिली व्याख्या जगात काय आहे ते सांगते, नित्य साहचर्य. दुसरी मनात काय घडतं ते सांगते, ती ओढ. 'च'विना कारण आणि 'च'सकट कारण. एका व्याख्येत दोन्ही मावत नाहीत कारण दोन गोष्टी दोन ठिकाणी राहतात.

अडचण ही की दोन्हींच्या कक्षा जुळत नाहीत. कुणीच न पाहिलेलं साहचर्य पहिलीत बसतं, दुसरीत नाही. उलट, चुकीच्या सवयीने मन एकीकडून दुसरीकडे धावतं, तिथे दुसरी लागू पडते आणि पहिली नाही. आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. एखाद्याच्या अंगणात हे दोनतीनदा झालं तर कावळा दिसताच तो फांदीकडे बघायला लागेल, पण सगळ्या कावळ्यांचं आणि सगळ्या फांद्यांचं तसं नाही. माझ्या मते ह्यूमला दुसरी व्याख्या सुजाण, सावध निरीक्षकाच्या मनाबद्दल अभिप्रेत असावी, पण तसं त्याने तिथे लिहिलेलं नाही हे मान्य करायला हवं.

आणि 'एन्क्वायरी'त पहिल्या व्याख्येला जोडून तो 'दुसऱ्या शब्दांत' म्हणून सांगतो: पहिली वस्तू नसती तर दुसरी कधीच अस्तित्वात आली नसती. हे दुसऱ्या शब्दांत मुळीच नाही. 'नेहमी मागून येते' आणि 'नसती तर झालं नसतं' हे दोन वेगळे दावे आहेत. स्ट्रायकरने सोंगटी हलली, पण तो चुकला असता तर त्याच क्षणी शेजाऱ्याचं कोपर लागून हललीच असती, अशी परिस्थिती कल्पा. पहिला दावा टिकतो, दुसरा पडतो. 1973 मध्ये डेव्हिड लुइसने ह्यूमच्या याच वाक्यापासून सुरुवात करून कारणाचा एक नवा सिद्धान्त उभा केला. ह्यूमची ही एका ओळीची घाई पुढच्यांना फार फळली.

टॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1788 मध्ये टोचलेली सुई तुम्हाला परीक्षेत भेटेल: रात्रीमागून दिवस नेहमी येतो, मग रात्र दिवसाचं कारण का नाही? नुसत्या पहिल्या व्याख्येवर हा आक्षेप लागू पडतो, ह्यूमप्रेमींनी उगाच पळवाटा काढू नयेत. पण 'ट्रीटाइज'मध्ये लगेच पुढच्या, पंधराव्या विभागात कारण ठरवण्याचे आठ नियम आहेत आणि ते जवळजवळ कुणी वाचत नाही. आठवा नियम म्हणतो, एखादी वस्तू पूर्णावस्थेत काही काळ असूनही परिणाम घडत नसेल तर ती त्याचं एकमेव कारण नव्हे, आणखी कशाची तरी मदत लागते. रात्र तासन्‌तास पूर्ण असते आणि दिवस उगवत नाही. हे उत्तर माझं, पण साहित्य ह्यूमचं. याच नियमांत जॉन स्ट्युअर्ट मिलच्या 1843 च्या, कारण शोधायच्या पद्धतींची बीजं आहेत: समान परिणामांत समान काय ते शोधा, वेगळ्या परिणामांत फरक कुठे ते शोधा, एक वाढला की दुसरा वाढतो का ते पाहा. कारण 'नाकारणारा' माणूस कारण शोधायचे नियम लिहीत बसत नाही.

त्याच्या घड्याळाच्या उदाहरणातही हेच दिसतं. खेडूत म्हणतो, घड्याळ कधीकधी बंद पडतं, त्याचा स्वभावच तसा. कारागीर म्हणतो, स्प्रिंगचा जोर तोच आहे, आत धुळीचा कण अडकला असणार. ह्यूम कारागिराच्या बाजूचा आहे. नियम मोडलेला दिसला की योगायोग न म्हणता दडलेलं विरुद्ध कारण शोधावं, हे त्याचं म्हणणं.

'दडलेलं' या शब्दावरून अलीकडचा एक वाद. 'एन्क्वायरी'च्या चौथ्या विभागात ह्यूम भाकरीच्या पोषक 'गुप्त शक्तीं'बद्दल बोलतो. त्यावरून गेलन स्ट्रॉसन (1989) आणि इतर काहींनी मांडलं की ह्यूमला वस्तूंत खऱ्या शक्ती मान्यच होत्या, आपल्याला त्या कळत नाहीत एवढंच. मला हे पटलेलं नाही, आणि त्याचं कारण एक तळटीप आहे. तिथेच ह्यूम लिहितो की 'शक्ती' हा शब्द इथे सैल, लोकरूढ अर्थाने वापरलाय, काटेकोर अर्थासाठी सातवा विभाग पाहा. तरी स्ट्रॉसनचं पुस्तक वाचावं. विरोधकाने इतका बारकाईने वाचलेला ह्यूम समर्थकांकडेही क्वचित मिळतो.

भारतीय दर्शनांचा पेपर तुम्हालाही असेल, म्हणून एक सावधगिरी. तर्कसंग्रह या न्यायदर्शनाच्या ग्रंथातलं 'कार्यनियतपूर्ववृत्ति कारणम्' (कार्याच्या आधी नेमाने असतं ते कारण) पाहिलं की विद्यार्थी आनंदाने लिहितात, हीच ह्यूमची पहिली व्याख्या! साम्य खरं आहे. नियत आणि पूर्ववर्ती, दोन्ही शब्द तिथे आहेत. पण कुंभाराचं गाढव मडक्याआधी हजर असलं तरी कारण नव्हे, म्हणून नैयायिक 'अन्यथासिद्ध' (ज्यांच्यावाचून कार्याचं अडत नाही अशा) गोष्टी गाळतात, आणि सामान्य किंवा जाती (सगळ्या मडक्यांतलं एकच 'मडकेपण') या खऱ्या मानल्यामुळे व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचा नित्य संबंध, प्रत्यक्षाच्या आधारे कळते असं म्हणू शकतात. ह्यूमजवळ जाती नाहीत. त्याच्या जवळ जाणारा आक्षेप चार्वाकांचा आहे: भूतभविष्यातली सगळी उदाहरणं पाहिल्याशिवाय व्याप्ती कशी कळली? तुलना करायचीच तर ती करा, आणि कुणी कुणाकडून घेतलं असं सुचवू नका.

जर्मन तत्त्वज्ञ कांटबद्दल मी इथे मुद्दाम काही लिहीत नाही. ह्यूमने मला झोपेतून जागं केलं असं त्याने 1783 मध्ये लिहिलं, आणि तेव्हापासून ह्यूमला कांटचा गजर म्हणून शिकवलं जातं. तुम्ही आधी ह्यूम ह्यूमसाठी वाचा.

वाचायचा क्रम: 'ॲब्स्ट्रॅक्ट' आधी. छोटंसं पत्रक आहे, निनावी छापलेलं. खूप काळ लेखक कोण हेच नीट ठरत नव्हतं, 1938 मध्ये केन्स आणि स्राफा या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते ह्यूमचंच असल्याचं दाखवून पुन्हा छापलं. मग 'एन्क्वायरी'चे चौथा, पाचवा, सातवा विभाग. मग बर्क्लीच्या 'तत्त्वां'चे पंचवीस ते तेहेतीस आणि साठ ते सहासष्ट हे परिच्छेद. लॉकचं एकविसावं प्रकरण अख्खं वाचलं तर स्वातंत्र्याच्या चर्चेत हरवाल, पहिले पाच परिच्छेद पुरेत. 'ट्रीटाइज'चा चौदावा आणि पंधरावा विभाग शेवटी, सलग.

आणि परीक्षेत चार पर्यायांत 'ह्यूमने कारण नाकारलं' आणि 'ह्यूमला अनिवार्य संबंधाचा ठसा वस्तूंत सापडला नाही' हे दोन्ही असतील तर दुसरा निवडा. पहिला एकटाच असेल तर गुणांसाठी तोच निवडावा लागेल. उत्तरतालिका लागली की हरकत नोंदवा, 1754 च्या पत्राचा हवाला देऊन.